धर्माचं औषध

"परवा पुन्हा आण. बरं वाटलं तरी आण आणि नाही वाटलं तरी आण. छाती परत तपासायलाच हवी," मी म्हणालो.

वैजंतानं मान हलवली. औषधाची बाटली पदराआड घेतली, कार्तिकीला खांद्यावर टाकलं आणि ती निघाली. 'येते' म्हणाली नाही.

"वैजंता," मी हाक मारली, "औषध दिवसातून किती वेळा द्यायचं ते कळलं ना?"

ती उंबऱ्यातच थांबली. पाठमोरी. खांद्यावरची अडीच वर्षांची पोर माझ्याकडे बघत होती, तिचं नाक वाहत होतं आणि श्वास जरा भराभर चालला होता. वैजंतानं वळून न बघताच मान हलवली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला शिष्ट म्हणून सोडून दिलं असतं. पण वैजंता ढेकळे म्हणजे गावातली सगळ्यात बोलकी बाई. कासार गल्लीत ती ब्लाउज शिवायची, आणि तिचं शिवणयंत्र थांबतं पण तोंड थांबत नाही असं तिचा नवरा निवृत्तीच माझ्यासमोर म्हणायचा. तिचा थोरला मुलगा लहान होता तेव्हा पाच मिनिटांच्या तपासणीला ती अर्धा तास बसायची. कुणाच्या साखरपुड्यात काय बिनसलं, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळा पाढा वाचायची. मी घड्याळाकडे बघायचो, बाहेर पेशंट खोळंबलेत म्हणायचो, आणि मनातून मला ते हवं असायचं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा, आजगावकर. डॉक्टरी पास झाल्यावर एका मित्राच्या शब्दावर कासेगव्हाणला आलो आणि त्या कोरड्या गावात तोवर बावीस वर्षं रुजलो होतो. खाली दवाखाना, वर घर. मुलगा शिकून बंगळूरला चिकटला. उमा, माझी बायको, गेली त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. ती गेल्यावर वरच्या घरात बोलणारा फक्त रेडिओ उरला, आणि तोही मी बातम्या संपल्या की बंद करायचो, कारण नंतर तिच्या आवडीची गाणी लागायची.

म्हणजे दिवसाकाठी माझं जे काही बोलणं व्हायचं ते खाली, दवाखान्यात. पेशंटशी, आणि मारुतीअण्णांशी. मारुतीअण्णा लिगाडे माझे कंपाउंडर. एकवीस वर्षं माझ्याकडे होते. पुड्या बांधण्यापासून मला वेळेवर जेवायला पिटाळण्यापर्यंत सगळं तेच बघायचे. अकरा वाजता समोरच्या टपरीवरून दोन चहा यायचे, आणि त्या दहा मिनिटांत अण्णा गावचं राजकारण मला समजावून सांगायचे. मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही, पण ऐकायला मजा यायची.

हे सगळं त्या वर्षी बंद झालं. झालं ते सांगतो.

नगरपंचायतीनं एक योजना काढली होती. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला एक घरचा डॉक्टर. मुलाच्या नावाचं पिवळं कार्ड, त्यावर डॉक्टरचं नाव. ताप येवो, खोकला येवो, जुलाब होवोत, आईबापांनी ते कार्ड घेऊन आपल्या डॉक्टरकडे जायचं आणि पैसे द्यायचे नाहीत. डॉक्टरला कार्डामागे ठरलेले पैसे नगरपंचायत देणार. गावात आम्ही तीन डॉक्टर. बाकी दोघांनी 'बघू, विचार करू' म्हणून वेळ मारून नेली. मी पहिल्याच बैठकीत हो म्हटलं. लोककल्याण वगैरे तोंडानं म्हणालो, पण खरं कारण साधं होतं. घर खायला उठायचं. खाली पोरांचा कलकलाट असला तर दिवस बरे जातील असं मला वाटलं होतं.

योजनेची सुरुवात समाजमंदिरात सभा घेऊन झाली. नगराध्यक्ष थोरबोले बोलायला उभे राहिले. भाषणाची त्यांना हौस. बोलता बोलता माझ्याकडे हात करून म्हणाले, "आजपासून हे डॉक्टरसाहेब तुमच्या पोरांकडून एक पैसा घेणार नाहीत."

पुढं बसलेल्या बायकांतली एक म्हातारी उठली. "एक पैसा न्हाय? म्हंजे धर्माचं औषद म्हना की."

"धर्माचंच म्हणा, आक्का," थोरबोले हसून म्हणाले.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. उमा गेल्यापासून इतके लोक एकदम माझ्याकडे बघून हसलेले मला आठवत नव्हते. धर्माचं नाही बरं का, मला नगरपंचायत पैसे देते, एवढं एक वाक्य उठून बोलायला हवं होतं. मी उठलो. पण बोललो नाही. हात जोडले आणि खाली बसलो.

दुसऱ्या दिवसापासून पोरं येऊ लागली. एवढी की बाकडी पुरेनात. कुंभारवाड्यातली आली, वीटभट्टीवरची आली, धनगरवस्तीवरून आली. जी पोरं याआधी फक्त आचके द्यायच्या वेळी माझ्याकडे यायची ती साध्या सर्दीला येऊ लागली. डॉक्टर म्हणून मला याहून काय हवं होतं?

पण कुणी बोलेना.

आई आत यायची, काय होतंय ते चार शब्दांत सांगायची आणि गप्प. मी विचारलं तर उत्तर, नाहीतर मान. दवाखान्यातल्या माठातलं पाणी पोरालाही पाजायच्या नाहीत, बरोबर बाटली आणायच्या. औषध हातात पडलं की उठून चालू लागायच्या. कुणी 'येते' म्हणायचं नाही, कुणी मागं वळून बघायचं नाही. ज्या घरात कार्ड गेलं ते घर माझ्यापुरतं मुकं झालं. रस्त्यात समोरून आले तर लोक दुकानाच्या पाटीकडे बघायचे. म्हातारे कोतारे बोलायचे, नाही असं नाही, पण त्यांचं बोलणं म्हणजे गुडघे.

आणि अण्णाही बदलले. त्यांच्या नातीचं कार्ड माझ्याकडेच होतं. ते कामाचं तेवढं बोलत. अकराचा चहा यायचा, पण ते आपला कप घेऊन औषधांच्या कपाटाशी जाऊन उभे राहायचे. मी एकदा म्हणालो, "काय अण्णा, थोरबोले काय म्हणतात?" तर म्हणाले, "काय म्हणणार?" आणि कप विसळायला गेले.

त्यांना सरळ विचारावं असं मला रोज वाटायचं. पण विचारायचं काय? लोकांना मी नकोसा झालो का, असं? पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते तोंडातून काढणं जड जातं. मग मी माझ्यापुरतं उत्तर काढलं. फुकट मिळालं की माणसाची किंमत राहत नाही. पैसे मोजत होते तोवर मी डॉक्टर होतो, आता सरकारी नळ झालो. मी मनातून या गावावर चिडलो. मार्च संपला की योजना सोडायची, दवाखाना बंद करायचा आणि बंगळूरला मुलाकडे जाऊन राहायचं, हे मी पक्कं करून टाकलं होतं.

एक गोष्ट आणखी होत होती, आणि तिच्याकडे मी जितकं लक्ष द्यायला हवं होतं तितकं दिलं नाही. परत दाखवायला म्हणून एकही पोर येत नव्हतं. एकदा औषध नेलं की नेलं. बहुतेक पोरं आपोआप बरी होत, त्यामुळे निभावून जात होतं.

वैजंता कार्तिकीला घेऊन आली तेव्हा योजनेला पाच महिने झाले होते. शनिवार होता. पोरीच्या उजव्या छातीत खालच्या बाजूला आवाज होता. श्वास मी दोनदा मोजला, वाढलेला होता, पण पोर खात होती, हसत होती. न्यूमोनियाची सुरुवात, वेळेत सापडलेली. औषध लागू पडतंय की नाही हे दोन दिवसांत कळतं, म्हणून परवा आण म्हणालो.

परवा म्हणजे सोमवार, बाजाराचा दिवस. दुपारपर्यंत मी वाट पाहिली. चारच्या सुमाराला बिस्किटं आणायला बाहेर पडलो तर भाजीच्या रांगेत वैजंता दिसली. एकटीच होती. मी तिच्या दिशेनं दोन पावलं टाकली. तिनं मला पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कांद्याच्या ढिगाआडून पलीकडे निघून गेली.

मी बाजारात उभा राहिलो, हातात पिशवी घेऊन. अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि नुसतं वाटलं नाही, झोंबलं. म्हटलं, नसेल आणायचं तर नको आणू दे. पोर तिची आहे. त्याच पावली मी कासार गल्लीत जायला हवं होतं. गेलो नाही. घरी येऊन बिस्किटं खाल्ली. त्या एका दिवसाचा हिशोब मी अजून स्वतःला देतो आहे.

मंगळवारी सकाळी पहिलं पोर तपासायला घेतलं. त्या पोराच्या छातीला नळी लावली आणि मला कार्तिकीचा शनिवारचा श्वास ऐकू येऊ लागला. तेवढं पोर आटोपून मी बॅग उचलली, अण्णांना 'येतो अर्ध्या तासात' म्हणालो आणि स्कूटर काढली.

वैजंताचं घर दोन खोल्यांचं. दारात तिची सासू कोंडाबाई मसुराची डाळ निवडत बसली होती.

"आजी, पोर कशी आहे?"

"आत हाय." कोंडाबाईनं सुपातून मान वर केली नाही. "औषद चालू हाय की तुमचं."

"काल आणायला सांगितलं होतं. का नाही आणली?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी अभद्र बोललो. मी तिथं थांबलो नाही. चपला काढून आत गेलो.

वैजंता शिवणयंत्राच्या पायाशी बसली होती. मांडीवर कार्तिकी. पोरीच्या नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचं पोट आत ओढलं जात होतं. डोळे अर्धवट उघडे, आणि मी जवळ गेलो तरी ती रडली नाही. डॉक्टरला बघून न रडणारं आजारी पोर मला फार भीती दाखवतं. मी खाली बसून श्वास मोजले. मोजून पुरे व्हायच्या आधीच कळलं होतं.

"हिला आत्ताच्या आत्ता जिल्ह्याला न्यायला हवं," मी म्हणालो. "ऑक्सिजन लागेल. सलाईनमधून औषध द्यावं लागेल. ऊठ, वैजंता."

ती उठली नाही. पोरीला तिनं आणखी घट्ट धरलं आणि मान हलवली. नाही म्हणून.

"अगं, ऐकतेस का? मी काय म्हणतोय?"

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ दाताखाली दाबलेले होते.

"तिला बोलाया लावू नगा, डाक्टर," कोंडाबाई दारातून म्हणाली. "तिनं सोताच्या हातानं औषद घेतलंय. म्या घेतलं न्हाय, म्हनून म्या बोलतीया."

"म्हणजे काय?"

"धर्माच्या औषदाचं आसंच असतंय. देनाऱ्याशी बोलायचं न्हाय. त्याच्या घरचं पानी प्यायचं न्हाय. औषद घेऊन पाठ फिरवली की मागं बघायचं न्हाय, येतो म्हनायचं न्हाय. राधूनानी काविळीचं द्यायची तवा आमी सगळी आसंच करायचो. तिच्या आदी तिची सासू द्यायची, तवाबी आसंच."

राधूनानी मला ठाऊक होती. म्हणजे नावानं. दर रविवारी काविळीचं झाडपाल्याचं औषध फुकट द्यायची, दोन वर्षांपूर्वी वारली. बावीस वर्षांत मी तिच्या अंगणात एकदाही गेलो नव्हतो. तिच्याकडे जाणाऱ्यांना मी फक्त रागवायचो.

"आणि परत का नाही आणलं?"

"परत कसं जायाचं?" म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली. "त्याच दुखन्यासाटी देनाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा उभं ऱ्हायलं म्हंजे तुझ्या हाताला गुन न्हाय आसं त्येच्या तोंडावर सांगितल्यावानी हुतंय. मग औषद उलटतं. आन् मधीच दुसऱ्या कुनाचं घेतलं तरीबी उलटतं. सोसायचं, वाट बघायची. तुमचं तर सहा वरसाचं कार्ड. तवर औषद चालूच म्हनायचं की."

"हे पाच महिन्यांत मला कुणी सांगितलं का नाही?"

"देनाऱ्याला सांगत न्हाईत. सांगितलं तर त्याला गर्व हुतो. गर्व झाला की गुन जातो."

मी त्या सारवलेल्या जमिनीवर बसून राहिलो. पाच महिने मला वाटत होतं की मी या गावाला नकोसा झालो. बाजारात पदर ओढून निघून गेलेली ही बाई मला टाळत नव्हती, माझ्या औषधाला जपत होती. त्या एका क्षणात मला किती भरून आलं हे मी कुणाला सांगू शकणार नाही. आणि त्याच क्षणी मांडीवरच्या पोरीनं एक श्वास चुकवला.

"वैजंता, इकडे बघ," मी म्हणालो. "मी धर्माचं औषध देत नाही."

तिनं बघितलं नाही.

"नगरपंचायत मला पैसे देते. प्रत्येक कार्डामागे देते. तुझ्या कार्तिकीचेही मला मिळतात. दर तीन महिन्यांनी माझ्या बँकेत येतात."

"काय बी बोलू नगा," कोंडाबाई म्हणाली. "पोरीला हलवायसाटी बोलताय. सभंला म्या सोता हुते. अध्यक्ष काय म्हनले ते म्या ह्या कानानं ऐकलंय."

"अध्यक्ष म्हणाले ते अर्धं होतं. उरलेलं मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

वैजंतानं मान वर केली. पाच महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्या डोळ्यांकडे बघत होती.

"तुमी पैशे घेता?" तिचा आवाज बसला होता.

"घेतो."

"पोरांचं?"

"पोरांचे."

"मग सभंत हात कशापायी जोडलं हुतं?"

खोटं सांगायला वेळ नव्हता. "टाळ्या वाजल्या," मी म्हणालो. "बरं वाटलं म्हणून जोडले."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. पाच महिने ते तिच्या चेहऱ्यावर होतं आणि मला ते ओळखता आलं नव्हतं. आता गेलं तेव्हा कळलं की काय होतं. मग ती उठली. दोरीवरची वाकळ ओढून तिनं पोरीला गुंडाळलं.

"आत्याबाई, थोरल्याला साळंतनं आणा," ती म्हणाली. "आन् डाक्टर, तुमी हितं बसून काय बगताय? जीप बगा."

चौकात वडापची जीप उभी होती. बसलेल्या माणसांना उतरवून आम्ही निघालो. जिल्ह्याचं गाव बेचाळीस किलोमीटर. मी पोरीच्या छातीवर तळवा ठेवून बसलो होतो, आणि वैजंता बोलत होती. पाच महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं.

"शेजारीन दोन दिस सांगतीया, जिल्ह्याला ने म्हनून. म्या म्हनलं, न्हाय. आपला डाक्टर देवमानूस हाय, त्येच्या औषदानं उठंल माझी लेक. तुमचा मान ऱ्हावा म्हनून न्हेली न्हाय म्या. कळतंय का तुमाला? काल बाजारात दिसला तर काळजाचं पानी झालं. वाटलं, पाय धरून सांगावं की पोर उठंना. पर त्वांड लपवून गेले. कुनासाटी? पगारी मानसासाटी."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"काय बरोबर हाय? एक शबूद बोलायचा हुता. एक. तुमाला काय धाड भरली हुती?"

"बरोबर आहे तुझं."

"आन् व्हय व्हय म्हनू नगा. श्वास मोजा तिचा."

मी श्वास मोजत होतो. पोर माझ्या हाताखाली मरते की काय अशी भीती वाटत होती. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या बेचाळीस किलोमीटरांत मला बरंही वाटत होतं. कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

कार्तिकी वाचली. आठ दिवस इस्पितळात होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला बघून भोकाड पसरलं आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नाक शिंकरलं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एक दिवस आधी आणली असती तर एवढं वाढलं नसतं. तो एक दिवस कुठला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वैजंता परत येण्याआधीच कोंडाबाईनं गावभर केलं होतं. डॉक्टर पगारी आहे. शुक्रवारी मी दवाखान्यात आलो तर बाहेर कलकलाट. एक बाई मला बघून म्हणाली, "डाक्टर, पैशे मिळत्यात तर बाटली अर्धीच का भरता हो?" दुसरीनं पाच महिने जपून ठेवलेली तक्रार काढली, की पिवळं औषध कडू आहे आणि पोर थुंकून टाकतं. कुंभारवाड्यातला एक बाप आत येऊन बसला तो उठेचना. त्याच्या पोराचा कान महिनाभर वाहत होता. महिनाभर. आता त्यानं सांगितलं, आता परत दाखवायला आणलं. दुपारपर्यंत अशी सहा पोरं निघाली. माझा मान गेला तो गेलाच, पण पोरं परत येऊ लागली. वैजंतानं पुढं कार्ड बदललं नाही. पण ती आली की टेबलाशी बसायची नाही. उभ्यानं सांगायची, कामापुरतं सांगायची आणि जायची. तिचं ते गप्प राहणं आता मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

त्या शुक्रवारी अकरा वाजता चहा आला. बाहेरच्या गोंगाटानं मी खुशीत होतो. अण्णा आपला कप उचलून कपाटाकडे निघाले तेव्हा मी हसत म्हणालो, "अहो अण्णा, आता कशाला तिकडे? आता बोला की. तुमच्या नातीचं औषध धर्माचं नाही, गावभर झालंय."

अण्णा थांबले. "ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"दर तीन महिन्यांनी पोरांची यादी कोण लिहितं, डॉक्टर? नगरपंचायतीत नेऊन कोण देतं? तुम्हाला पैसे मिळतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

माझ्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. ते कसं पुसायचं ते मला कळेना.

"मग तुम्ही का बोलत नव्हता माझ्याशी?"

अण्णांनी कप कपाटावर ठेवला. माणूस शांत, एकवीस वर्षांत मला आवाज चढवून बोललेले नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

"सभेला मी मागं उभा होतो," ते म्हणाले. "तुम्ही उठलात तेव्हा मला वाटलं, आता आमचे डॉक्टर खरं ते सांगतील. बाजूच्या माणसाला मी तसं म्हणालोसुद्धा. आणि तुम्ही हात जोडलेत."

बाहेर कुणाचं तरी पोर खोकत होतं.

"मला बोलायचंत, अण्णा. रागवायचंत. लोक असे का वागतात ते तरी सांगायचंत."

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय. बावीस वर्षं आहात गावात. कळलंय, आणि तुम्हाला ते आवडतंय." त्यांनी कपाटाची काच उगाचच फडक्यानं पुसली. "कार्तिकीचं ऐकलं आणि मी जेवलो नाही दोन दिवस. माझंही चुकलंच. पण तुम्ही एकदा तरी विचारायचंत, डॉक्टर. मी इथंच होतो."

पाच महिने सगळ्या गावानं माझा मान राखला होता. ज्या एका माणसाच्या मनातून मी खरोखर उतरलो होतो, तो रोज माझ्यापासून चार हातांवर उभा राहून चहा पीत होता.

"बसा, अण्णा," मी म्हणालो.

"बाहेर अकरा पोरं आहेत," ते म्हणाले, आणि दार उघडून त्यांनी पहिल्या कार्डावरचं नाव पुकारलं.